आयपी ६५ लिहिलेला दिवा पहिल्याच वळवात का जातो: खान्देशातल्या घरांसाठी बाहेरच्या दिव्यांची पारख

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात बाहेर लावायचा दिवा मागा, समोर येणाऱ्या बहुतेक खोक्यांवर ‘आयपी ६५’ छापलेलं असतं. मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की त्यातल्याच काही दिव्यांच्या काचेला आतून घाम फुटतो, दोन-चार दिवस ते लुकलुकतात आणि बंद पडतात. गिऱ्हाईक म्हणतं आकडा खोटा, दुकानदार म्हणतो वायरमनने नीट बसवला नाही. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य असतं. म्हणून इथे घरगुती वापराच्या सात-आठ प्रकारच्या दिव्यांची पारख केली आहे: आकडा काय सांगतो, काय सांगत नाही आणि आपल्या ऊन-धुळीत कोणता प्रकार टिकतो. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत पॅकिंग (कव्हरखालचं रबर) आणि ग्लँडचा (केबल आत शिरते तिथे तिला घट्ट पकडणाऱ्या भागाचा) दर्जा वेगळा निघतो, त्यामुळे पारख मॉडेलची करायची, नावाची नाही.

आकडा कशाचा आहे

आयपी म्हणजे ‘इन्ग्रेस प्रोटेक्शन’, आत शिरण्यापासून बचाव. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात हा संकेत ठरवलेला आहे आणि भारतात तोच आयएस/आयईसी ६०५२९ म्हणून स्वीकारलेला आहे. दोन अंक वेगवेगळे वाचायचे. ६५ म्हणजे पासष्ट नव्हे, सहा आणि पाच. पहिला अंक बोट, तार, धूळ अशा घन वस्तूंचा, दुसरा पाण्याचा. अंकाच्या जागी एक्स असेल तर त्या बाबीचा दावाच केलेला नाही, एवढाच अर्थ. एक्स म्हणजे शून्य नाही, पण खात्रीही नाही.

पहिल्या अंकात २ असेल तर माणसाचं बोट आतल्या वीजवाहक भागापर्यंत पोचत नाही. घरातले साधे दिवे याच पातळीचे, आयपी २०. ४ असेल तर १ मिलिमीटरपेक्षा जाड तार किंवा कण आत जात नाही. ५ म्हणजे थोडी धूळ शिरेल, पण काम बिघडण्याइतकी नाही. ६ म्हणजे धूळ अजिबात नाही. चाचणीला बारीक टाल्कम पावडर वापरतात: बंद पेटीच्या दर घनमीटरला २ किलो, तीही ७५ मायक्रॉन फटीच्या चाळणीतून गाळलेली, आणि ती तासन्‌तास हवेत उडत ठेवतात. उन्हाळ्यात वावटळ अंगणातून जाते तेव्हा काळ्या मातीची जी भुकटी दाराच्या फटीतूनही घरात येते, तिच्यासाठी हा अंक महत्त्वाचा. कोकणातल्या घराला दुसरा अंक आधी पाहावा लागतो. खान्देशात पहिला आधी पाहा.

पाण्याचा अंक समजायला घरातली बादली पुरते. ५ या अंकासाठी ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीने, अडीच-तीन मीटरवरून, मिनिटाला साडेबारा लिटर पाणी सर्व बाजूंनी मारतात. तुमच्या नळीने १५ लिटरची बादली ७२ सेकंदांत भरत असेल तर धार साधारण तेवढीच. ६ साठी नळीचं तोंड १२.५ मिलिमीटर आणि मिनिटाला १०० लिटर, म्हणजे तीच बादली ९ सेकंदांत. हा विहिरीवरच्या मोटारीचा पाइप झाला, घरच्या नळाचा नव्हे. ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे. ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरका फवारा. १ आणि २ हे वरून टपकणाऱ्या थेंबांचे.

७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादक ठरवतो, त्यामुळे नुसत्या ६८ ला अर्थ नाही, सोबत खोली आणि वेळ लिहिलेली हवी. आणि इथेच बरेच लोक फसतात: ७ किंवा ८ मिळालेला दिवा ५ किंवा ६ च्या धारेत टिकेल असं गृहीत धरता येत नाही. बुडवण्याची आणि धारेची परीक्षा वेगळी. दोन्ही दिल्या असतील तर दिव्यावर दोन्ही आकडे लिहितात, उदाहरणार्थ आयपी ६५ आणि आयपी ६७.

आता घराच्या हिशेबाने. ओसरीत, पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या पुढे आलेल्या छज्जाखाली पाण्यासाठी ४ पुरतो. पण पहिला अंक ४ असलेला दिवा तिथे घेऊ नका. पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारी चिलटं आणि बारीक पाखरं त्याच्या फटीतून शिरतात, आठ-पंधरा दिवसांत कव्हरच्या तळाशी त्यांचा काळा थर साचतो आणि उजेड निम्म्यावर येतो. म्हणून ओसरीला किमान ५४. उघड्या भिंतीवर, फाटकाच्या खांबावर, गच्चीवर ६५. त्याहून वरचा आकडा घरगुती वापरात फार थोड्या ठिकाणी लागतो. ६७ साठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते पैसे चांगल्या जॉइंट बॉक्सवर घाला.

मग पाणी शिरतं कुठून

पहिलं कारण ऊन. धातूच्या अंगाचा फ्लडलाइट पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्यात दुपारभर तापतो आणि त्याचं अंग सहज ६० अंशांच्या पुढे जातं. आतली हवा फुगते, थोडी थोडी बाहेर पडते. मग चार-पाच वाजता ढग येतात आणि गार पाऊस थेट त्या तापल्या अंगावर पडतो. ६५ अंशांची बंद हवा ३० अंशांवर आली की तिचा दाब साधारण दहा टक्क्यांनी उतरतो. वातावरणाच्या दाबाचा दहावा हिस्सा म्हणजे एक मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका ताण. म्हणजे पूर्ण बंद दिवा त्या क्षणी जणू एक मीटर पाण्यात बुडवल्यासारखा ओढ सोसतो, आणि पॅकिंगवर त्याच वेळी पाण्याचा थर असतो. जिथे केसभर फट असेल तिथून थेंब आत खेचला जातो. पुढच्या दुपारी त्याची वाफ होते, पण बाहेर जाताना हवा जाते, पाणी बरंचसं राहतं. असं रोज थोडं थोडं.

दिव्यांच्या मानकात ही ओढ हिशेबात धरलेली आहे. दिवा आधी चालवून तापवतात, बंद करतात आणि लगेच धारेखाली धरतात. पण ते नव्या कोऱ्या दिव्यावर, प्रयोगशाळेच्या हवेत आणि एकदाच. दोन उन्हाळे खाऊन कडक झालेल्या रबराची ती परीक्षा नाही. आयपीचा आकडा गंज, ऊन, रबराचं वय किंवा विजेचे झटके यांबद्दल काहीच सांगत नाही.

याला उपाय म्हणून चांगल्या दिव्यांच्या पाठीवर छोटी गोल बटणासारखी श्वासझडप असते. तिच्या आत अशी झिल्ली असते की हवा ये-जा करते, पाण्याचा थेंब जात नाही. दाब साठतच नाही, त्यामुळे पॅकिंगवर ओढ पडत नाही. दुकानात दिवा उलटा करून ही झडप शोधा. ती असेल तर बनवणाऱ्याने विचार केलेला आहे. रंग देताना किंवा सिलिकॉन लावताना ती बुजवू नका.

दुसरं कारण वायर, आणि फ्लडलाइटच्या बाबतीत हेच मोठं. दिव्यातून वीतभर-हातभर वायर बाहेर आलेली असते. वायरमन तिला घरची वायर पिळून जोडतो, वर काळी टेप गुंडाळतो आणि जोड तसाच भिंतीवर लोंबत ठेवतो. टेपच्या आत पाणी शिरलं की ते तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं, पुढे सरकतं आणि थेट दिव्याच्या पोटात ड्रायव्हरवर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणाऱ्या भागावर) उतरतं. वर सांगितलेली ओढ या पाण्याला आणखी पुढे खेचते. काच, पॅकिंग, ग्लँड सगळं शाबूत, आणि तरी दिवा आतून ओला. आकडा दिव्याचा असतो, जोडाचा नसतो. ही एकच गोष्ट वायरमनच्या लक्षात आणून दिली तरी अर्धे दिवे वाचतील असं आमचं ठाम मत आहे.

जोड करायचा तो असा. आयपी ६५ चा छोटा जॉइंट बॉक्स दिव्याच्या खालच्या पातळीला भिंतीवर बसवा. दोन्ही केबल बॉक्समध्ये खालून आत घ्या, वरून कधीच नाही. आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, चार-सहा बोटांचा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाला टपकून जातं. प्रत्येक केबलला तिच्या जाडीचा ग्लँड हवा. पीजी ही ग्लँडची मापं: पीजी ९ हा साधारण ४ ते ८ मिलिमीटर जाडीची केबल पकडतो, पीजी ११ हा ५ ते १० मिलिमीटरची. तीन कोअर, १.५ चौरस मिलिमीटरची गोल केबल ८-९ मिलिमीटरची भरते, तिला पीजी ११ घ्या. ग्लँडचं रबर गोल असतं, म्हणून त्यातून गोल केबलच जाते. चपटी केबल किंवा तीन सुट्या वायरी त्यात घातल्या की बाजूला फट राहते आणि ग्लँड असून नसल्यासारखा होतो. आमच्या पाहणीतली ही सगळ्यात सर्रास चूक. तारा कनेक्टरमध्ये स्क्रूने आवळा, जेल भरलेले कनेक्टर मिळाले तर उत्तम. न वापरलेली भोकं त्यांच्याच टोपणांनी बंद करा. झाकणाचे चार स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, एकाच बाजूने आवळत गेलात तर पॅकिंग दुसऱ्या बाजूला उचलतं.

सिलिकॉन लावायचंच असेल तर नळी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिटिक प्रकारचं आहे, वाळताना आम्ल सोडतं आणि तांबं व एलईडीच्या आतला चांदीचा थर खराब करतं. ते खिडकीच्या काचेला ठीक, दिव्याला नाही. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागा. आणि दिव्याला चारी बाजूंनी सिलिकॉन फासू नका. भिंतीवर बसवलेल्या दिव्याची वरची कड आणि दोन बाजू बंद करा, खालची मोकळी ठेवा, मागे शिरलेलं पाणी तिथून निघून जाऊ द्या.

प्रकारवार पारख

भिंतीवरचा बल्कहेड, गोल किंवा लंबगोल, पॉलिकार्बोनेटच्या दुधी कव्हरचा: खान्देशातल्या घरासाठी आमची पहिली पसंती हीच. वॅट कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून ओढ कमी. आकार गोल, म्हणून पॅकिंग सगळीकडे सारखं दबतं. चौकोनी दिव्यात पाणी नेहमी कोपऱ्यातून शिरतं. घेताना कव्हर उघडून बघा. पॅकिंग खोबणीत बसलेलं एकसंध रबर असावं. चिकटवलेली फोमची पट्टी, तीही टोकं नुसती जुळवलेली असेल तर ठेवून द्या. कव्हर काढलंच आहे तर कागदाची पट्टी पॅकिंगवर ठेवून कव्हर आवळा आणि पट्टी ओढा. चार-पाच ठिकाणी असं करा. पट्टी कुठे सहज सरकली तर तिथे दाब नाही.

याच दिव्याचा कमकुवत भाग पाठीमागे असतो. भिंतीतल्या पाइपमधून वायर थेट दिव्याच्या पाठीत येते, आणि तो पाइप वर गच्चीपर्यंत गेलेला असेल तर स्लॅबवर साचलेलं पाणी पाइपातून उतरून दिव्यात टपकतं. काच पुसत बसून उपयोग नाही, पाइपाचं तोंड न्यूट्रल सिलिकॉनने किंवा पुट्टीने बुजवा. पाठीच्या रबरी बुचाला वायरीपेक्षा बारीक भोक पाडून वायर ताणून घाला. चाकूने उभी चीर दिली की बूच संपलं. धाब्याच्या घरात पाऊस नसतानाही छतातून मातीचे बारीक कण पडत राहतात. तिथे माजघरात, ओसरीत उघड्या होल्डरऐवजी हाच दिवा लावला तर होल्डरमध्ये माती साचून ठिणग्या पडण्याचा त्रास थांबतो. आतल्या जागेला ५४ पुरतो.

फ्लडलाइट, ३० ते १०० वॅट: अंगण, खळं, गोठ्यासमोरचा उजेड याच्यासाठी घेतात आणि सर्वाधिक तक्रारीही याच्याच. वजन हातात तोलून बघा. त्याच वॅटचे दोन दिवे असतील आणि एक निम्म्या वजनाचा असेल तर उष्णता वाहून नेणारं ॲल्युमिनियम त्यात कमी आहे. हल्ली पातळ अंगाच्या काही दिव्यांत वेगळा ड्रायव्हर नसतो, सगळे भाग एलईडीच्या पाटीवरच असतात. स्वस्त पडतात, पण शेतीच्या लाइनवरचे कमी-जास्त व्होल्टेज आणि पावसाळ्यातले झटके त्यांना झेपत नाहीत. खोक्यावर ‘सर्ज’ची, म्हणजे विजेचा झटका सोसण्याची, किंमत किमान ४ किलोव्होल्ट लिहिलेली बघा. पाणी न शिरताही दिवा जातो तो बऱ्याचदा यामुळे, आणि दोष आयपीला लागतो. धातूचं अंग असलेल्या दिव्याला हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर असते. ती कापून टाकलेली दिसली तर काम तिथेच थांबवा. पाणी आणि धातू एकत्र असताना अर्थिंग नसलेला दिवा माणूस मारू शकतो. त्या सर्किटला ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) असावीच. पसंती: झडप, गोल केबल आणि वेगळा ड्रायव्हर असेल तर घ्या, नाहीतर त्याच पैशांत दोन बल्कहेड लावा.

वेदरप्रूफ बॅटन, दोन-चार फुटी, बाजूला चिमटे असलेली: गोठ्यासाठी चांगली, पण कव्हर पाहून घ्या. गोमूत्र आणि शेणातून सुटणाऱ्या अमोनियाने पॉलिकार्बोनेट ठिसूळ होतं, त्याला बारीक चिरा पडतात आणि ६५ चा आकडा तिथेच संपतो. गोठ्यात ॲक्रिलिक कव्हरची बॅटन जास्त टिकते, फक्त ती गुरांच्या शिंगांपासून उंच लावावी लागते, कारण ॲक्रिलिक आघाताला नाजूक. चिमटे स्टेनलेस स्टीलचे हवेत. चिमटा गंजून तुटला की झाकण एका बाजूने लोंबतं. आघात सोसण्याचा आकडा वेगळा असतो, आयके. आयके ०८ म्हणजे ५ जूलचा फटका, आयके १० म्हणजे २० जूलचा. जिथे पोरं क्रिकेट खेळतात त्या भिंतीवर हाही बघा.

एलईडी स्ट्रिप: वरून सिलिकॉन ओतलेली ६५ म्हणून आणि नळीत बसवलेली ६७ म्हणून विकतात. कापल्याबरोबर दोन्ही आकडे जातात. कापलेलं टोक टोपण आणि सिलिकॉनने पुन्हा बंद केल्याशिवाय ती फक्त घरात लावण्याजोगी. आणि ॲडाप्टर बहुतेक वेळा आयपी २० असतो, स्ट्रिप कितीही चांगली असली तरी तो बाहेर ठेवू नका. दिवाळीच्या माळांनाही हेच लागू.

सोलर दिवे: तारेचा जोडच नसल्याने पाणी शिरायची मुख्य वाट बंद असते, हा त्यांचा मोठा गुण. पण चार्जिंगचं छोटं तोंड किंवा बटण असेल तर त्यावरचं रबरी बूच दाबून बसलेलं हवं. पॅनलवर साचलेली धूळ चार्जिंग घटवते, तेव्हा उन्हाळ्यात आठवड्याला फडका. कडक उन्हात बॅटरी लवकर म्हातारी होते. शेतातल्या खोलीला ठीक, घराच्या मुख्य दाराला भरवशाचा नाही.

जमिनीत गाडायचे दिवे: बंगल्याच्या बागेत हौसेने लावतात. तापी, गिरणेच्या काठच्या काळ्या मातीत आम्ही सरळ नको म्हणू. ही माती पाणी धरून ठेवते, पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ६७ ची परीक्षा अर्ध्या तासाची आहे, आणि काळ्या मातीतला दिवा पोळ्यापासून नवरात्रापर्यंत चिखलातच असतो. फुगणारी माती दिव्याच्या बाहेरच्या डब्याला बाजूने दाबते, कडी वाकते, पॅकिंग सुटतं. लावायचाच असेल तर खाली वीतभराहून जास्त खडीचा थर, त्यातून पाणी निघायला वाट, आणि खोली-वेळ लिहिलेला ६८. नाहीतर गुडघाभर उंचीचा खांबदिवा लावा, काम तेच होतं.

बाथरूम आणि मोरी: इथे पाण्याच्या धारेपेक्षा गिझरची वाफ त्रास देते. वाफ थेंबापेक्षा बारीक फटीतून जाते आणि आत गार भागावर पाणी होऊन बसते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत अंघोळीच्या जागेच्या वर २.२५ मीटरपर्यंत आणि तिच्या बाजूला ६० सेंटिमीटरपर्यंत किमान एक्स ४ मागतात. आपल्या छोट्या न्हाणीघरात सगळीच जागा त्यात येते, म्हणून सरसकट ४४ किंवा वरचा घ्या. फॉल्स सीलिंगमधल्या गोल दिव्यांवर बारीक अक्षरं वाचा: बऱ्याचदा ६५ फक्त समोरच्या तोंडाला असतो, पाठ २० ची असते. वरच्या मजल्याच्या न्हाणीची गळती असेल तर पाणी पाठीवरच पडतं. स्वयंपाकघरात शेगडीच्या थेट वर दिवा नको. फोडणीचा तेलकट धूर कव्हरवर चिकटून बसतो, काही प्लॅस्टिक त्याने मऊ पडतं. बाकी ओट्याला साधा दिवा चालतो.

साधा बल्ब, पितळी किंवा प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये, भिंतीच्या बाहेर: नको. त्यावर अर्धी कापलेली प्लॅस्टिकची बाटली लावली तरी नको. बल्बची उष्णता अडते आणि होल्डर तसाच उघडा राहतो.

दुकानात आणि घरी तपासणी

‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला आकड्याशिवाय किंमत नाही. आकडा खोक्यावर आहे पण दिव्याच्या अंगावरच्या पट्टीवर नाही, असं दिसलं तर सावध व्हा. आयपी २० पेक्षा वरचा दावा असेल तर तो दिव्यावरच छापलेला असायला हवा. त्याच पट्टीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस १०३२२ हा दिव्यांच्या मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर या ॲपवर तो टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावाने आहे ते कळतं.

तिथेच ‘टीए’ ही अक्षरं शोधा. किती तापमानाच्या हवेत दिवा चालायचा, तो हा आकडा. मानकानुसार काहीच लिहिलं नसेल तर २५ अंश समजायचे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, आणि पत्र्याखाली त्याहून वर. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. म्हणून ‘टीए ५०’ लिहिलेला दिवा थोडा महाग असला तरी तोच घ्यावा.

घरी आणल्यावर भिंतीवर चढवण्याआधी एक चाचणी करता येते. दिवा उघडता येत असेल तर आत टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून बंद करा. तासभर चालवून तापू द्या. मग वीज बंद करा, प्लग काढा, वायरीचं उघडं टोक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून वर उचलून धरा आणि झारीने पाच-दहा मिनिटं सगळ्या बाजूंनी पाणी सोडा. गार झाल्यावर बाहेरून कोरडा पुसून उघडा. टिश्यू भिजला असेल तर बदलून घ्या. न उघडणाऱ्या दिव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर बाष्प दिसतं का ते पाहा. मात्र सील किंवा स्टिकर तोडून उघडू नका, वॉरंटी तिथेच जाते.

देखभाल थोडीच आहे. मृगाआधी एकदा, दिवाळीआधी एकदा. वीज बंद करून काच आणि मागच्या पात्यांमधली धूळ ओल्या फडक्याने काढा. त्या पात्यांतून उष्णता बाहेर जाते, त्यांच्यात मातीचा थर बसला की दिवा आतून शिजतो. गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाने दिवा कधीही धुऊ नका. त्या धारेचा जोर ५ आणि ६ या अंकांच्या चाचणीपेक्षा कितीतरी जास्त असतो, ती पॅकिंगखाली घुसते. कव्हर उघडलंच तर पॅकिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. मोटारीचं काळं ग्रीस किंवा खोबरेल नको, त्याने रबर फुगतं.

आणि दिव्यात पाणी शिरलंच तर चालू ठेवून ‘उष्णतेने वाळेल’ म्हणत बसू नका. एमसीबी पाडा, उतरवा, उघडा, दिवसभर सावलीच्या वाऱ्यात ठेवा. एलईडीच्या पाटीवर किंवा ड्रायव्हरच्या पिनांवर पांढरी-हिरवी पूड दिसत नसेल तर पॅकिंग बदलून तो पुन्हा लावता येतो. ती पूड दिसली तर ड्रायव्हर बदलावा लागेल, आणि ज्या दिव्यात ड्रायव्हर सुटा मिळत नाही तो टाकून द्यावा. नवा चढवण्याआधी जुन्या दिव्याची वायर टोकाजवळ वीतभर सोलून बघा. तांबं काळं पडलेलं असेल तर पाणी वायरीतून आलं होतं, तेव्हा ती तेवढी कापून तांबं चकचकीत लागेपर्यंत मागे या आणि जोड नव्या बॉक्समध्ये करा.